मूठ कोणाच्या हाताची?

घरातली नेहमीची कात्री डाव्या हातात धरा आणि जुन्या मलमलीच्या तुकड्यात सरळ रेघ कापून बघा. कापड दोन पात्यांच्या मधे दुमडून बसेल आणि कात्री ते नुसतं चावत राहील. धार गेलेली नाही, कारण तीच कात्री उजव्या हातात घेतली की सरसर चालते. डाव्या हाताला सवय नाही, असं म्हणून आपण विषय संपवतो. सवयीचा भाग आहेच, पण जन्मापासून डाव्या हाताने कामं करणाऱ्यालाही ही कात्री तशीच आडवी येते. अडचण तिच्या घडणीतच आहे.

कात्री टोक पुढे करून धरली की वर येणारं पातं उजव्या बाजूला असतं. ती पालथी करून बघितली तरी वरचं पातं उजवीकडेच राहतं, जसे स्क्रूचे आटे कुठल्याही टोकाकडून बघितले तरी त्याच दिशेचे राहतात. त्याचा पहिला परिणाम नजरेवर होतो. उजव्या हातात कात्री असताना आपण तिच्याकडे डावीकडून बघतो, त्यामुळे कापायची रेघ उघडी दिसते. डाव्या हातात घेतली की वरचं पातं नेमकं त्या रेघेवर आडवं येतं. दुसरा परिणाम जोरावर होतो. मूठ मिटताना अंगठा नकळत थोडा बाहेर ढकलतो आणि बोटं थोडी तळहाताकडे ओढतात. उजव्या हातात या ढकल-ओढीने दोन्ही पाती एकमेकांवर दाबली जातात आणि कात्री कापते. डाव्या हातात तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर सारतो, फट पडते आणि कापड त्या फटीत शिरतं. मग डावखुरा माणूस अंगठा उलट्या दिशेने रेटत कापायला शिकतो. त्याला ते जमतंही, पण दिवसभर कापण्याचं काम असेल तर त्याची किंमत अंगठ्याचं मूळ मोजतं.

डावखुऱ्यांची संख्या काही नगण्य नाही. २०२० साली जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे २४ लाख लोकांच्या नोंदी होत्या आणि डावखुऱ्यांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं. अवजारांच्या आराखड्यात मात्र या दहातल्या एकाचा विचार बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होतो, किंवा होतच नाही.

आराम कशात असतो

हातातलं अवजार सुखाचं कधी होतं, याचं शास्त्र तसं अलीकडचं आहे. जॉन नेपियर या ब्रिटिश अभ्यासकाने १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले. हातोडा धरतो ती जोराची पकड, म्हणजे अख्खी मूठ. सुई किंवा पेन धरतो ती नेमकेपणाची पकड, म्हणजे बोटांची चिमूट. आजही अवजाराचा आराखडा काढताना पहिला प्रश्न हाच असतो, की हे काम मुठीचं की चिमटीचं?

पुढे आकडेही आले. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने २००४ साली हातअवजारं निवडण्यासाठी एक मार्गदर्शिका काढली. जोराच्या पकडीसाठी मुठीचा व्यास साधारण ३२ ते ५१ मिलिमीटर असावा आणि मुठीची लांबी किमान १०० मिलिमीटर असावी, असं त्यात म्हटलं आहे. मूठ आखूड असली तर तिचं टोक तळहाताच्या मधोमध रुततं, आणि तिथे नसा असतात. पक्कड किंवा छाटणीची कात्री अशा दोन दांड्यांच्या अवजारात उघडलेल्या दांड्यांमधलं अंतर सुमारे ९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि मिटल्यावर ५० पेक्षा कमी नको. दांड्या आपोआप उघडायला स्प्रिंग हवी. अवजार दोन्हीपैकी कुठल्याही हाताने वापरता यावं, हेही त्या यादीत आहे.

याच यादीतली एक सूचना वाचून दुकानात शोकेससमोर उभं राहिलं की गंमत वाटते. मुठीवर बोटांसाठी खड्डे नकोत, असं ती सांगते. आपल्याकडे तर बोटांचे खड्डे दिसले की गिऱ्हाईक खूश होतं, 'मस्त ग्रिप आहे' म्हणतं. ते खड्डे एका विशिष्ट मापाच्या हातासाठी कोरलेले असतात. हात त्याहून लहान किंवा मोठा असला की खड्ड्यांमधले उंचवटे थेट बोटांखाली येतात आणि टोचतात. शिवाय ते एका बाजूने कोरलेले असले तर दुसऱ्या हातात मूठ बसतच नाही.

इथेच या सगळ्या विषयाची मेख आहे. मूठ एका हाताला जितकी घट्ट बेतावी तितकी ती दुसऱ्या हाताला जाचते. फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीने १९६७ साली केशरी प्लास्टिकच्या मुठीची कात्री आणली. तिची मूठ हाताच्या आकाराप्रमाणे वळवलेली होती, आणि जगभरच्या शिवणकाम करणाऱ्यांचे हात तिने सुखावले. जुन्या लोखंडी कात्र्यांच्या गोल कड्या कुठल्याच हाताला फार सुखाच्या नव्हत्या, पण निदान त्या पक्षपात करत नव्हत्या. वळवलेल्या मुठीत अंगठ्याचं भोक तिरपं असतं. डावा अंगठा त्यात घातला की कड नेमकी सांध्यावर येते. म्हणजे सोयीची कात्री आली आणि डावखुऱ्यांची गैरसोय वाढली. फिस्कार्सने पुढे डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री काढली, तीसुद्धा पाती आणि मूठ दोन्ही आरशातल्यासारखी उलटवून.

दोन सरळ वाटा, एक पळवाट

या पेचातून बाहेर पडायच्या सरळ वाटा दोनच. एकतर डाव्या आणि उजव्या हातासाठी दोन वेगळी अवजारं करायची, किंवा मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतील असं एकच अवजार घडवायचं.

दुसऱ्या वाटेचे उत्तम नमुने आपल्या घरातच आहेत. अडकित्ता बघा. त्याचं वरचं पातं खालच्या दांडीवर येऊन बसतं. कात्रीसारखी दोन पाती एकमेकांच्या कडेने जात नाहीत, त्यामुळे अडकित्त्याला डावं-उजवं नसतं. विळीचंही जवळपास तसंच. तिचं पातं पाटावर मधोमध उभं असतं आणि हलतो तो बटाटा. पाय पाटावर या बाजूने ठेवा की त्या बाजूने, पात्याला फरक पडत नाही.

सोलाणं हे त्याहून शिकण्यासारखं उदाहरण. एकाच बाजूला धार असलेलं, पातं घट्ट बसवलेलं साधं सोलाणं डाव्या हातात निरुपयोगी असतं. धार उलट्या बाजूला येते, मग साल काढायला स्वतःच्या अंगाकडे ओढावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये आल्फ्रेड नेवेचेर्झाल याने १९४७ साली 'रेक्स' नावाचं सोलाणं केलं. त्याच्या दांडीला दोन फाटे आहेत आणि मधे दोन्हीकडे धार असलेलं हलतं पातं. भाजीचा उंचवटा येईल तसं पातं स्वतःच कलतं. हाताचा प्रश्न तिथेच मिटला. स्विस टपालखात्याने २००४ साली या सोलाण्यावर तिकीट काढलं.

अमेरिकेतले सॅम फार्बर स्वयंपाकघराच्या वस्तूंच्या धंद्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता आणि सोलाण्याची पातळ लोखंडी दांडी त्यांना धरवेना. त्यातून १९९० साली 'ऑक्सो गुड ग्रिप्स' ही अवजारं आली. मुठी जाड, लंबगोल, काळ्या मऊ रबरी पदार्थाच्या, आणि अंगठा टेकतो तिथे दोन्ही बाजूंना बारीक लवचीक पट्ट्या. ओल्या हातातही त्या घसरत नाहीत. आराम सगळा व्यासात, लांबीत आणि पदार्थात ठेवला होता, बोटांच्या खड्ड्यांत नव्हता. त्यामुळे दुखऱ्या हातासाठी निघालेलं सोलाणं डाव्या, उजव्या, लहान, मोठ्या अशा सगळ्या हातांना चाललं आणि बाजारातही धावलं.

स्वीडनमध्ये मारिया बेंक्टझोन आणि स्वेन-एरिक युहलिन या दोघांनी १९७०च्या दशकात अशक्त मनगटांसाठी ब्रेडची सुरी केली. तिची मूठ करवतीसारखी पात्यावर उभी होती. मनगट सरळ राहावं हा त्यामागचा हेतू. त्याच सुमारास अमेरिकेत एर्विन टिचाऊर विजेची जोडणी करणाऱ्या कामगारांच्या मनगटांचा अभ्यास करत होते. मनगट वाकवायचं की अवजार, असा प्रश्न असेल तर वाकवावं ते अवजार, हा त्यांच्या कामाचा मथितार्थ. वाकवलेल्या दांड्यांची पक्कड वापरणाऱ्यांची मनगटं कमी दुखली. मात्र वाक कुठल्या दिशेला द्यायचा याला महत्त्व आहे. वाक वर-खाली असेल तर तो दोन्ही हातांना चालतो. कडेला दिला की अवजार एका हाताचं होऊन बसतं.

याशिवाय एक पळवाट आहे आणि बाजारात तीच जास्त दिसते. कात्रीच्या दोन्ही कड्या सारख्या करायच्या, पाती उजव्या हाताचीच ठेवायची, आणि पाकिटावर छापायचं, 'दोन्ही हातांसाठी'. मुठीने हाताला फसवलं तरी पातं कापडाला फसवू शकत नाही. आपण वर केलेला मलमलीचा प्रयोग ही कात्री पहिल्याच फटक्यात हरते.

द्राक्षाच्या मांडवाखाली

दोन हातांसाठी दोन अवजारं लागतात ती कुठे, हे बघायला नाशिककडच्या द्राक्षबागेत जावं. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना फळासाठीची, म्हणजे गोडी छाटणी. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, काम बऱ्याचदा उक्तं असतं. हात वर करून, मान मागे टाकून, काडीमागून काडी कापायची.

छाटणीच्या कात्रीत एक धारेचं वाकडं पातं असतं आणि दुसरी बोथट आकडी. दोन्ही एकमेकांच्या कडेने सरकतात. कापताना आकडी काडी धरून ठेवते आणि धरताना तिची साल थोडी चेचते. म्हणून जाणता मजूर धारेचं पातं ठेवायच्या भागाकडे आणि आकडी टाकायच्या भागाकडे ठेवतो. फुटवा येणाऱ्या डोळ्याच्या वर नेमकं अंतर सोडून स्वच्छ काप पडतो. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात घेतली की पातं आणि आकडी यांच्या जागा उलटतात. मग प्रत्येक कापाला मनगट पिळावं लागतं, नाहीतर ठेवायची काडी चेचली जाते. कात्री बंद ठेवायची कळही उजव्या अंगठ्याच्या जागी बसवलेली असते. दिवसभराच्या छाटणीत एक-एका कापाचं हे पिळणं साचत जातं, आणि संध्याकाळी कोपरापर्यंत कळ येते.

यावर उत्तर निघून कितीतरी वर्षं झाली. फेल्को ही स्विस कंपनी १९४५ साली फेलिक्स फ्लिश यांनी सुरू केली. तिच्या छाटणीच्या कात्र्यांत ९ क्रमांकाची कात्री खास डावखुऱ्यांसाठी आहे. ७ आणि १० क्रमांकाच्या कात्र्यांत खालची दांडी बोटांबरोबर फिरते, त्यामुळे तळहाताचं घर्षण कमी होतं. त्यांतली ७ उजव्या हाताची, १० डाव्या हाताची. पण अशी कात्री महाग असते, आणि उक्त्या कामावर येणारा मजूर आपल्या हाताची कात्री बागायतदाराकडे कशी मागणार? हातात पडेल ती घेतो आणि मनगट वळवतो.

मणी विरळणीची छोटी टोकदार कात्री यापेक्षा सौम्य असते. ती बहुतेक बायकांच्या हातात असते. तिला कड्या नसतात, नुसत्या स्प्रिंगच्या दोन दांड्या, म्हणून मूठ दोन्ही हातांना बसते. पाती मात्र तिथेही कडेने सरकणारीच, आणि घड जवळून बघत नेमका मणी काढायचा असल्याने नजरेचा अडथळा जास्त जाणवतो.

शरीरच एका बाजूचं

काही ठिकाणी अवजार बदलून भागत नाही. स्क्रू घ्या. बसवायचा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. उजव्या हाताने तसं फिरवताना तळहात वर येतो, आणि या हालचालीला दंडाचा मोठा स्नायू जोर देतो. डाव्या हाताने तोच स्क्रू बसवताना तळहात खाली वळतो आणि ती हालचाल मुळातच कमी ताकदीची. म्हणून डावखुऱ्या सुताराला स्क्रू घट्ट बसवायला जड जातो आणि गच्च बसलेला स्क्रू काढायला मात्र तो उजव्या सोबत्यापेक्षा सरस ठरतो.

जगातले सगळे आटे उलटे करता येणार नाहीत. उत्तर मुठीत शोधावं लागतं. मूठ जाड केली तर कमी जोरात जास्त पीळ मिळतो. लांब केली तर दोन्ही हात लावता येतात. स्वीडनच्या बाको कंपनीने १९८०च्या दशकात कामगारांबरोबर बसून अशाच लांब मुठीचे स्क्रू ड्रायव्हर केले. हाताने चालवायच्या विजेच्या यंत्रांतही अशा सोप्या जागा असतात. ग्राइंडरची आडवी मूठ डावीकडे किंवा उजवीकडे बसवता येते, त्याला खर्च फक्त एका जादा आट्याच्या भोकाचा. ऑपरेशनच्या चिमट्यांची दातेरी कळ मात्र उजव्या अंगठ्याच्या दाबानेच सुटते. डावखुऱ्या शल्यविशारदांना ती उलट्या दाबाने सोडवायची वेगळी सवय लावून घ्यावी लागते.

धार कोण लावणार?

डाव्या हाताची कात्री वापरायला काय हरकत आहे, असं मी एका डावखुऱ्या शिंपीकाकांना विचारलं. ते हातशिलाई डाव्या हाताने करतात, खडू डाव्या हातात धरतात, पण कापड बेततात उजव्या हाताने.

"मिळते की," ते म्हणाले. "मागवावी लागते. पण दुकानात आम्ही तिघं. कात्री एकच. माझ्या हाताची घेतली तर हे दोघं काय करतील? आणि तिला धार लावून देणार कोण? धारवाला नेहमीच्या बाजूने दगड लावणार, चांगली कात्री खराब करणार."

"मग उजव्या हाताने बेतायला कधी शिकलात?"

"उस्तादांनी शिकवलं तसंच शिकलो. त्यांनी कात्री दिली उजवीची, तर हात कुठला असणार?"

या बोलण्यात बाजाराचा सगळा हिशेब आला. डाव्या हाताचं अवजार म्हणजे वेगळा साचा, वेगळं मागवणं, वेगळी धार आणि वाटून वापरायची अडचण. लंडनच्या सोहो भागात १९६८ साली फक्त डावखुऱ्यांच्या वस्तूंचं दुकान निघालं, कारण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला एका कात्रीसाठी वेगळा साठा परवडत नव्हता.

आपल्याकडे पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. गावचा लोहार विळा किंवा खुरपं घडवताना समोरचा हात बघू शकत होता. मुठीकडचा वाक दुसरीकडे वळवणं हे त्याच्या दृष्टीने हातोड्याचे चार घाव जास्त. साच्यातून निघणाऱ्या अवजाराला ते जमत नाही. साचा एकदा ठरला की हजारो अवजारं एकाच हाताची.

संशोधनाच्या बाजूने मात्र बरंच काम झालं आहे. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून आयडीसी ही डिझाइनची संस्था आहे आणि तिथे एर्गोनॉमिक्स, म्हणजे कामाची साधनं शरीराला बेतण्याचं शास्त्र, शिकवलं जातं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं. त्यामुळे परदेशी मापांवरून मुठी बेतायची गरज उरली नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतमजुरांची, त्यात बायकांचीही, शरीरमापं आणि ताकद मोजून २००९ साली पुस्तकरूपात दिली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दात्यांचा 'वैभव' विळा भातकापणीसाठी कोकणात पोचला, आणि आंब्यासाठी त्यांचाच 'नूतन' झेला.

मापं घेताना एक रूढ पद्धत असते. सगळ्यात लहान पाच टक्के आणि सगळ्यात मोठे पाच टक्के हात सोडून मधल्या नव्वद टक्क्यांसाठी आराखडा करायचा. दोन्ही टोकं मिळून दहा टक्के सुटतात, आणि तेवढे सुटले तरी आराखडा करणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं, तो निदान त्याची नोंद करतो. डावखुरे जवळपास तेवढेच आहेत. ते सुटतात तेव्हा नोंदही होत नाही, कारण हाताची लांबी मोजली जाते, हाताची बाजू गृहीत धरली जाते.

मागायचं काय

सगळ्या अवजारांच्या दोन-दोन आवृत्त्या कोणी मागत नाही. हातोडा, कुदळ, पहार, अडकित्ता यांना त्याची गरजच नाही. सोलाणं, सुरी, स्क्रू ड्रायव्हर यांचं काम नीट घडवलेल्या सम मुठीवर आणि दोन्हीकडच्या धारेवर भागतं. खरोखर दोन लागतात ती कडेने सरकणाऱ्या पात्यांची अवजारं: शिंप्याची, न्हाव्याची, माळ्याची आणि द्राक्षबागेतली कात्री. शिवाय एकाच अंगाला दाते किंवा धार असलेले विळे. यादी एवढीच आहे, आणि ती लहान आहे म्हणूनच आवाक्यातली आहे.

दुकानात 'दोन्ही हातांसाठी' लिहिलेली कात्री दिसली तर तिची पाती बघावीत. वरचं पातं डावीकडे असेल तरच ती डाव्या हाताची. आयटीआयच्या शिवण आणि बागकामाच्या वर्गांत दोन-तीन डाव्या कात्र्या असल्या तर मुलाला पहिल्याच दिवशी हात बदलावा लागणार नाही, आणि पुढे धारवाल्यालाही ती धार लावायची सवय होईल. कारागिरांना अवजारं देणाऱ्या सरकारी योजना आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना अठरा धंद्यांतल्या कारागिरांना अवजारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचं साहाय्य देते, आणि त्या धंद्यांत शिंपी, न्हावी, लोहार, सुतार सगळे आहेत. अशा प्रत्येक अर्जात नाव आणि धंद्याच्या शेजारी 'कामाचा हात' हा एक रकाना हवा. तो भरायला अर्जदाराला एक क्षण लागेल. पण त्यातून किती डाव्या कात्र्या लागतात हा आकडा कारखानदाराला पहिल्यांदाच कळेल, आणि दुसरा साचा करणं परवडत नाही, हे ठरीव उत्तर त्याला आकड्यासमोर बसून द्यावं लागेल.